कोठारातील नामांतरे

वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासाचा विषय घ्या म्हणून कळविले, तेव्हा त्यांच्या मनात एखाद्या संपाचा अथवा बोनसच्या लढ्याचा इतिहास असावा. त्या विषयावर आम्ही पूर्वी बोललो आहोत, आणि तेच पुराण दर उन्हाळ्यात लावणे बरे नव्हे. म्हणून यंदा आम्ही निराळाच इतिहास निवडला आहे. संगणकात सॉफ्टवेअरची जी पॅकेजे असतात त्यांची नावे बदलतात, काही मोडीत निघतात. आणि तसे झाल्यावर जुन्या नावाने हाक मारीत राहणाऱ्या माणसाचे काय होते, याचा हा इतिहास आहे. आमचे शाळेतील शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, गेटसभा आटोपल्यावर, रात्री दिव्याखाली झाले. तेव्हा या विषयातील पंडित सभागृहात असतील तर त्यांनी आमच्या चुका पोटात घालाव्या.

या विषयाशी आमची गाठ पडली ती अशी. २००७ साली आमच्या कचेरीत कोणीतरी टाकून दिलेला एक संगणक होता. एका सभासदाच्या मुलाने त्यावर डेबियन नावाची प्रणाली बसवून दिली, कारण तिच्या परवान्याला पैसे पडत नाहीत. पुढे त्याने त्याच प्रणालीची नवी आवृत्ती चढविली, आणि दुसऱ्या दिवशी आमचे कारकून घाबरेघुबरे होऊन आले. इंटरनेट पाहावयाचे ते फायरफॉक्स नाहीसे झाले होते आणि त्या जागी ‘आइसवीझल’ असे काहीतरी येऊन बसले होते. वीझल हा मुंगसाच्या अंगलटीचा, थंड मुलखातला प्राणी. कारकुनांना वाटले, संगणकाला व्हायरस लागला. आम्ही तो उघडून पाहिला, तर आतला माल तोच होता. बदलली होती ती पाटी. आणि पाटी बदलणे ही गोष्ट काय असते, हे गेटावर आयुष्य घालविलेल्या माणसाला कोणी शिकवावयास नको.

आता थोडे मुळापासून सांगितले पाहिजे. कारखान्यात जशी स्टोअर्सची खोली असते, तशी या मुक्त प्रणालींची मोठमोठी कोठारे असतात. पॅकेज मॅनेजर हा त्या कोठारावरचा स्टोअरकीपर समजा. आपण चिठ्ठीवर मालाचे नाव लिहून द्यावयाचे. तो माल काढून देतो, आणि त्या मालाला लागणारे नटबोल्टही न विसरता सोबत देतो. डेबियनचा आरंभ १९९३ च्या ऑगस्टात इयान मर्डॉक या तरुणाने केला. ‘ॲप्ट’ हा तिचा सुप्रसिद्ध स्टोअरकीपर १९९९ सालच्या आवृत्तीबरोबर लोकांच्या हाती आला. रेड हॅटवाल्यांची व्यवस्था निराळी, फ्रीबीएसडीवाल्यांची निराळी. पायथन भाषेत काम करणाऱ्यांचे कोठार पायपीआय, जावास्क्रिप्टवाल्यांचे एनपीएम. प्रत्येक स्टोअरकीपर आपल्या वहीतले नाव तेवढे ओळखतो. अपाची हा वेब सर्व्हर घ्या: डेबियनच्या वहीत तो ‘अपाची२’ आहे आणि रेड हॅटच्या वहीत ‘एचटीटीपीडी’. वस्तू एक, गावागणिक नाव वेगळे. कोणत्या गावचे कोणते नाव कशाशी जुळते, हे मांडणारी रेपॉलॉजी नावाची एक सूची आहे. तिचे नियम माणसांना हाताने लिहावे लागतात, कारण नावावरून नाते ओळखण्याची विद्या यंत्राला पुरती साधलेली नाही.

मग नाव बदलते कशासाठी? आमच्या मते या प्रश्नात सगळा इतिहास आहे. पॅकेज वाईट निघाले म्हणून त्याचे नाव बदलले, असे क्वचित घडते. बहुतेक वेळा भांडण मालकीचे असते.

फायरफॉक्सचेच पाहा. २००२ साली ते फिनिक्स या नावाने जन्मले. त्या नावावर दुसऱ्या एका कंपनीचा हक्क निघाला, म्हणून २००३ मध्ये ते फायरबर्ड झाले. फायरबर्ड नावाचा एक डेटाबेस आधीच होता; त्या मंडळींनी तक्रार केली, म्हणून २००४ च्या फेब्रुवारीत फायरफॉक्स. दोन वर्षांत तीन बारशी! त्यानंतर २००६ मध्ये मोझिलाने डेबियनला कळविले की, आमचे नाव लावावयाचे तर आमचे बोधचिन्हही लावा आणि तुम्ही केलेल्या दुरुस्त्या आम्हांस दाखवून मंजूर करून घ्या. बोधचिन्हाचा परवाना डेबियनच्या मुक्ततेच्या नियमात बसत नव्हता. डेबियनवाल्यांनी नाव सोडले, नियम सोडला नाही. आमच्या कारकुनांना दिसलेले आइसवीझल ते हेच. पुढे समझोता होऊन २०१६ मध्ये फायरफॉक्स हे नाव डेबियनात परत आले. म्हणजे दहा वर्षांचे हे भांडण होते. आणि दोन्ही बाजूंची माणसे, आम्हांस वाटते, आपापल्या परीने प्रामाणिक होती.

परंतु कामगार माणसाच्या काळजाला भिडावी अशी कथा इथीरियलची आहे, आणि तिच्यापाशी आम्ही जरा थांबणार आहोत.

१९९७ च्या अखेरीस जेराल्ड कोम्ब्स या अमेरिकेतील इसमाला नेटवर्कमधील बिघाड शोधण्यासाठी एक साधन हवे होते. तारेतून काय वाहते आहे ते उलगडून दाखविणारे साधन. तो ते स्वतः लिहू लागला. मध्ये काम थांबत, पुन्हा सुरू होत, १९९८ च्या जुलैमध्ये ‘इथीरियल’ नावाने त्याची पहिली आवृत्ती बाहेर आली. ठिकठिकाणची माणसे येऊन मिळाली, दुरुस्त्या पाठवू लागली, आणि आठ वर्षांत ते साधन नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या रोजच्या वापरातले झाले. २००६ मध्ये कोम्ब्सने नोकरी बदलली. आता हिशेब पाहा. सॉफ्टवेअरच्या लेखनाचा मोठा भाग त्याचा स्वतःचा. उरलेला ज्या मुक्त परवान्याखाली लिहिला गेला होता, तो कोणालाही पुढे नेता येण्याजोगा. तेव्हा काम त्याच्याबरोबर जाऊ शकत होते. पण ‘इथीरियल’ या नावाचा व्यापारी हक्क त्याच्यापाशी नव्हता. नाव मागे राहिले आणि काम पुढे गेले. नव्या जागी त्याच कामाचे नाव ‘वायरशार्क’ पडले. जुन्या नावाखालील काम थांबले. २००८ मध्ये, दहा वर्षांच्या मेहनतीनंतर, वायरशार्कची १.० ही आवृत्ती निघाली; आज ते साधन त्याच नावाने जगभर चालते.

आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा वही मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमच्या पट्ट्यात याच्या नेमके उलट घडताना आम्ही पाहिले आहे. एका सकाळी कामगार पाळीवर आले तो गेटावर नव्या कंपनीची पाटी. यंत्रे तीच, फोरमन तोच, चहाचा टपरीवालासुद्धा तोच. ऑफिसातून निरोप आला की, ज्याला काम पाहिजे त्याने नव्या नेमणूकपत्रावर सही करावी. म्हणजे काय, तर अठरा-वीस वर्षांची नोकरी त्या दिवसापासून एक दिवसाची होणार, आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब कोऱ्या पानावरून सुरू होणार. आम्ही सह्या करू दिल्या नाहीत. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ यात १९५६-५७ साली ‘२५ एफएफ’ हे कलम घातले गेले. उद्योग एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तर कामगाराची नोकरी अखंड धरावी व तिच्या अटी कमी करू नयेत. नाहीतर कपात झाल्याप्रमाणे त्याला नोटीस आणि भरपाई द्यावी, असा त्याचा मथितार्थ होता. त्या कलमाच्या बळावर आम्ही सात वर्षे भांडलो. त्या सात वर्षांत आमचे काही सभासद वारले.

इथीरियल वापरणाऱ्यांच्या नोकरीची अखंडता, म्हणावयाचे तर, कोणी राखली? कोठारातल्या पॅकेज सांभाळणाऱ्यांनी. डेबियनमध्ये त्यासाठी एक युक्ती आहे. जुन्या नावाचे एक रिकामे पॅकेज तयार करावयाचे. त्याच्या पोटात माल नाही; फक्त एक ओळ, की ‘मला नव्या नावाचे अमुक पॅकेज लागते’. जुन्या नावाने मागणी करणारा माणूस आला की स्टोअरकीपर ते रिकामे खोके पाहतो, त्यावरची ओळ वाचतो आणि नवा माल काढून देतो. नव्या पॅकेजावरही लिहिलेले असते की, जुन्याच्या फायली आता मी ताब्यात घेत आहे. २००७ च्या डेबियन आवृत्तीत इथीरियल याच रीतीने होते: नाव जुने, आत रिकामे, बोट वायरशार्ककडे. घर बदललेला माणूस शेजाऱ्यापाशी पत्ता ठेवून जातो, तसलाच हा प्रकार.

मात्र हा शेजारी कायमचा नसतो. ते रिकामे खोके साधारणतः एक आवृत्ती ठेवतात आणि पुढच्या आवृत्तीत काढून टाकतात. डेबियनचा नियम असा की, एका आवृत्तीतून लगतच्या आवृत्तीत चढावे, मधली पायरी गाळू नये. ज्याने पायरी गाळली त्याला पूल सापडेलच असे नाही. आता पायरी कोण गाळतो? ज्याचा संगणक जुना, ज्याच्याकडे माणूस नाही, ज्याला वेळ नाही तो. युनियनची कचेरी, खेड्यातली शाळा, छोटा छापखाना. नाव बदलण्याच्या निर्णयात यांपैकी कोणी नसतो, आणि त्याची किंमत मात्र शेवटी हेच मोजतात.

दुसऱ्या कोठारांच्या तऱ्हा थोडक्यात सांगतो. रेड हॅटच्या पद्धतीत नवे पॅकेजच जाहीर करते की, अमुक जुने नाव माझ्यामुळे रद्द झाले. आर्च लिनक्सचा स्टोअरकीपर तर विचारून घेतो, ‘याच्या जागी ते ठेवू का?’ ही चाल आम्हांस आवडते. फ्रीबीएसडीत ‘मूव्हड’ नावाचे एक रजिस्टर असते. त्यात एका नामांतराला एक ओळ आणि ओळीत चार रकाने: जुने नाव, नवे नाव, तारीख, कारण. आमच्या पाहण्यात आलेली ही सर्वांत सभ्य व्यवस्था. एनपीएम आणि पायपीआय येथे मात्र नाव बदलण्याची सोयच नाही. नवे नाव घेऊन नवे पॅकेज काढावयाचे आणि जुन्यावर शेरा मारावयाचा. त्या शेऱ्याला तिकडे ‘डेप्रिकेटेड’ म्हणतात. हा बडतर्फीचा हुकूम नव्हे, ही नोटीस. माल मिळतो, पण प्रत्येक वेळी बजावले जाते की, याच्या भरवशावर राहू नका. ‘रिक्वेस्ट’ नावाच्या अत्यंत लोकप्रिय पॅकेजावर २०२० च्या फेब्रुवारीत असा शेरा पडला, आणि तरीही लोक ते उतरवून घेतच राहिले. नोटीस बोर्डावर लावली म्हणजे ती वाचली जाते, हा मॅनेजमेंटचा समज सर्व देशांत सारखाच दिसतो.

नोटिशीकडे लक्ष वेधण्याचा एक नामी उपाय पायथनवाल्यांनी काढला. सायकिट-लर्न हे यंत्रांना शिकविण्याचे पॅकेज. त्याचे दप्तरी नाव सायकिट-लर्न, पण प्रोग्रॅममध्ये त्याला ‘एसकेलर्न’ म्हणून हाक मारावी लागते. रेशनकार्डावर विठ्ठल आणि घरात भाऊ, तसे. साहजिकच लोक कोठाराच्या खिडकीवरही ‘एसकेलर्न’ मागत. कोणा लबाडाने ते नाव बळकावून त्याखाली विषारी माल ठेवू नये, म्हणून चालकांनी स्वतःच त्या नावाचे रिकामे खोके ठेवले होते. पुढे ते बंद करावयाचे ठरले. एकदम बंद करावे तर हजारोंची कामे अडणार. म्हणून १ डिसेंबर २०२२ पासून दर तासाची पहिली पाच मिनिटे ते नाव चालेनासे केले. नंतर टप्प्याटप्प्याने ही मुदत वाढविली. आणि १ डिसेंबर २०२३ पासून ते कायमचे बंद झाले. महाराष्ट्रातील माणसाला हा प्रकार समजावून देण्याची गरज नाही. हे भारनियमन! फरक इतकाच की, तिकडे वेळापत्रक पाळले गेले.

आता नावासाठी झालेल्या भांडणातला एक न्यायनिवाडा. ‘नोड’ नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम डेबियनमध्ये होता. हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात, ते बिनतारी संदेशांची पाकिटे इकडून तिकडे पाठविण्यासाठी तो वापरीत. २००९ मध्ये रायन डाल याने नोडजेएस काढले आणि ते पाहता पाहता जगभर पसरले. त्याच्याही प्रोग्रॅमचे नाव नोड. डेबियनचा दंडक असा की, दोन निराळ्या कामांच्या प्रोग्रॅमना एकच नाव असता कामा नये. एकमत झाले नाही तर दोघांनीही नाव बदलावे. एकमत होईना. २०१२ मध्ये प्रकरण त्यांच्या तांत्रिक समितीपुढे गेले. निकाल असा की, रेडिओवाल्यांचे पॅकेज ‘एएक्स२५-नोड’ व्हावे, नोडजेएसचा प्रोग्रॅम ‘नोडजेएस’ या नावाने चालावा, आणि ज्याला ‘नोड’ हेच नाव पाहिजे त्याने ‘नोडजेएस-लेगसी’ हे जास्तीचे पॅकेज घ्यावे. लेगसी म्हणजे वडिलोपार्जित! तीन वर्षांच्या पोराला वडिलोपार्जित म्हणण्याची ही गंमत आम्हांस फार आवडली. पण त्यापायी असंख्य लोकांचे प्रोग्रॅम डेबियनवर ‘नोड सापडत नाही’ म्हणून अडत, हेही खरे. २०१७ मध्ये समितीने, परिस्थिती पालटली असे म्हणून, तो निर्णय मागे घेतला आणि नोडजेएसला आपले नाव मिळाले. काही जण या पाच वर्षांवर हसतात. आम्ही हसत नाही. मूठभर रेडिओवाल्यांना, तुम्ही थोडे आहात म्हणून बाजूला व्हा, असे पहिल्या दिवशी कोणी सांगितले नाही. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले. कित्येक मोठ्या उद्योगांत अल्पमताच्या वाट्याला एवढेही येत नाही.

एनपीएममध्ये अशी समिती नव्हती, आणि तेथे २०१६ च्या मार्चमध्ये काय झाले ते ऐका. अझर कोचुलू नावाच्या प्रोग्रॅमरचे ‘किक’ नावाचे एक पॅकेज होते. किक याच नावाच्या संदेश पाठविणाऱ्या एका कॅनडातील कंपनीला ते नाव पाहिजे होते. तो देईना. कोठाराच्या चालकांनी नाव त्याच्याकडून काढून कंपनीला दिले. त्यावर त्याने २२ मार्च रोजी आपली सगळी पॅकेजे, अडीचशेहून अधिक, कोठारातून उचलली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज होते. त्याचे काम काय? मस्टरवर ४२ नंबरच्या तिकिटाला आपण ‘००४२’ लिहितो ना, ती डावीकडची शून्ये भरण्याचे. एवढ्या अकरा ओळींवर दुसरी पॅकेजे विसंबून होती, त्यांवर तिसरी, आणि त्या साखळीच्या टोकाला नामांकित कंपन्यांची कामे. दोन-अडीच तास जगभर सॉफ्टवेअर बांधण्याची कामे मोडून पडत होती. कोणी त्याच नावाचे बदली पॅकेज भराभर ठेवलेही. पण खालच्यांना नेमकी जुनी आवृत्ती हवी होती, ती त्यात नव्हती. अखेर चालकांनी कोचुलूने काढलेली आवृत्ती स्वतःच्या अधिकारात परत ठेवली, आणि पुढे वाटेल तेव्हा माल उचलून नेण्यावर बंधने घातली.

आमची सहानुभूती त्या माणसाकडे आहे हे आम्ही लपवीत नाही. फुकट राबणाऱ्या माणसाच्या हातून नाव काढून ते पगारी वकील बाळगणाऱ्या कंपनीला देणे आम्हांस पटत नाही. पण चळवळीतल्या माणसाने हेही बोलले पाहिजे की, नोटीस न देता केलेला तो संप होता. त्याची झळ किकला लागली नाही; ती लागली त्याच्यासारख्याच अनोळखी राबणाऱ्यांना. तरुणपणी आम्हीही एकदा असे केले आहे आणि त्याचे परिणाम इस्पितळात जाऊन पाहिले आहेत. त्याविषयी येथे अधिक बोलत नाही.

याउलट हडसनवाल्यांची रीत पाहा. हडसन हे कोहसुके कावागुची याने सुरू केलेले साधन. नाव ओरॅकल कंपनीच्या हक्कात गेले. तेव्हा २०११ च्या जानेवारीत त्या समुदायाने मत घेतले. नवे नाव घेण्याच्या बाजूने २१४, विरुद्ध १४. ‘जेन्किन्स’ हे नाव तसे आले, आणि माणसे त्या नावाबरोबर गेली. हडसन या नावाचे काम पुढे सहा वर्षांनी संपल्याचे जाहीर झाले. मतमोजणी झालेली नामांतरे फारशी दिसत नाहीत, म्हणून हे आकडे आम्ही पाठ करून ठेवले आहेत.

आपल्या भाषेलाही या इतिहासात एक ओळ आहे. रेड हॅटच्या आश्रयाने चाललेल्या ‘लोहित’ टंकांत पूर्वी लोहित मराठी, लोहित हिंदी, लोहित कोंकणी, लोहित नेपाळी अशी वेगवेगळी पॅकेजे होती. लिपी एक असता इतकी पॅकेजे कशाला, म्हणून ती सर्व ‘लोहित देवनागरी’त विलीन झाली, आणि फेडोराच्या कोठारात या नव्या पॅकेजावर नोंद पडली की, मराठीचे जुने नाव रद्द समजावे. आमच्या एका मित्राला याचा राग आला; मराठीची पाटी उतरविली म्हणाला. वास्तविक एकाच टंकात मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ची सोय ठेवता येते, मात्र हा मजकूर मराठी आहे असे संगणकाला सांगावे लागते. सांगितले नाही तर तो हिंदी वळण काढतो. आमच्या मित्राचे समाधान झाले नाही, आणि तो सर्वस्वी चुकला असेही आम्हांस म्हणवत नाही.

भविष्यनिर्वाह निधीत २०१४ पासून कामगाराला एक सार्वत्रिक क्रमांक मिळाला. मालक बदलला, कंपनीचे नाव बदलले, तरी तो क्रमांक बदलत नाही. त्याआधी दर नोकरीला नवे खाते आणि जुन्यातले पैसे आणावयास खेटे. पॅकेजांना असा एकच क्रमांक सर्व कोठारांत असावा, अशी आम्हां अडाण्याची कल्पना आम्ही त्या सभासदाच्या मुलापाशी काढली. आता तोही चाळिशीकडे झुकला आहे. तो म्हणाला, “काका, क्रमांक कोण देणार, आणि तो देणारा उद्या बदलला तर?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

फ्रीबीएसडीच्या त्या रजिस्टराची नक्कल मात्र आम्ही कचेरीत केली आहे. एक जाड वही, चार रकाने: कारखान्याचे जुने नाव, नवे नाव, तारीख, कारण. ग्रॅच्युइटीच्या किंवा पेन्शनच्या कामासाठी एखादा म्हातारा कामगार जुन्या नावाचा पास घेऊन येतो; कारकून वही काढतात आणि त्याचा कारखाना आज कोणत्या नावाने, कोणाच्या हाती आहे ते पाहून अर्ज लिहून देतात. त्या रजिस्टरात एक संकेत आहे: दुसरा रकाना रिकामा असला तर पॅकेज नव्या नावाने कोठे गेले नाही, काढून टाकले, असे समजावयाचे. आमच्या वहीत तशा ओळी बऱ्याच आहेत. त्या ओळीचा कामगार आला की कारकून वही त्याच्याकडे न वळविता तशीच मिटतात, आणि आधी चहा सांगतात.